प्रकाशाच्या उपचाराला कोणती गाठ दाद देते? फाइल हातात घेऊन एकेक पायरी

गेल्या पावसाळ्यात मंगळवेढ्याहून आलेला एक मुलगा दादरच्या धर्मशाळेत माझ्यासमोर बसला होता. मांडीवर वडिलांची फाइल, हातात मोबाइल. ‘ताई, आबा ऑपरेशनला तयारच होईनात. हे बघा ना, नुसत्या प्रकाशानं गाठ जाते म्हणे. कापाकापी नाही, केमो नाही.’ व्हिडिओत एका माणसाच्या त्वचेवर लाल दिवा धरला होता आणि पुढच्या दृश्यात ती जागा स्वच्छ झालेली होती. व्हिडिओ खोटा नव्हता. कॅन्सरच्या गाठींवरचा हा उपचार खरा आहे आणि अनेक देशांत त्याला रीतसर मान्यता आहे. पण आबांच्या गाठीवर तो चालणार नव्हता. ते कळायला फाइलमधला एक आकडा पुरेसा होता.

मी डॉक्टर नाही. परळ-दादर भागात बाहेरगावच्या नातेवाइकांना रिपोर्ट समजून घ्यायला आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढायला मदत करते. हा प्रश्न आता इतक्या वेळा येतो, की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा नेमकं काय विचारायचं, ते तुम्हाला माहीत असायला हवं.

आधी मोबाइलचा टॉर्च लावा

रात्री खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च लावा आणि त्यावर बोटं घट्ट मिटून धरा. बोटं लालभडक दिसतील. टॉर्चमधून निघतो पांढरा प्रकाश, म्हणजे त्यात निळा, हिरवा, पिवळा सगळेच रंग आहेत. पण बोटातून पलीकडे येतो तो लालच. बाकीचे रंग मुख्यतः रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. आता तोच टॉर्च तळहाताच्या जाड भागावर, अंगठ्याखालच्या गादीवर धरा. उजेड एकदम मंद होतो.

आबांच्या मुलाला मी हेच करून दाखवलं. या उपचाराचं सामर्थ्य आणि मर्यादा, दोन्ही त्या तळहातात दिसतात.

उपचाराचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी. रुग्णालयात सगळे ‘पीडीटी’ म्हणतात. तिला तीन गोष्टी लागतात: प्रकाशाने जागं होणारं औषध, त्या औषधाला चालणारा ठरावीक रंगाचा प्रकाश, आणि पेशींमधला ऑक्सिजन. औषध शिरेतून देतात किंवा त्वचेवर मलम लावतात. ते गाठीत साठायला काही तास किंवा काही दिवस जातात. मग गाठीवर लेझरचा किंवा एलईडीचा प्रकाश सोडतात. औषध प्रकाशाची ऊर्जा घेऊन शेजारच्या ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजन अत्यंत जहाल होतो. त्याचं आयुष्य इतकं क्षणिक असतं, की जन्मला त्या पेशीच्या बाहेरही तो फारसा जात नाही. म्हणून जिथे औषध आणि प्रकाश दोन्ही पोचले, तिथेच नाश होतो; बाजूला नाही. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि मेलेल्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्तीही त्या जागी जागी होते.

तीनपैकी एक गोष्ट कमी पडली तरी उपचार फसतो. वेगवेगळ्या गाठी वेगवेगळा प्रतिसाद का देतात, त्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

कल्पना जुनी आहे. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्मजीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. १९०३ मध्ये त्याच्याच गुरूंनी, फॉन टापायनर यांनी, एका सहकाऱ्याबरोबर त्वचेच्या कॅन्सरवर इओसिन हे रंगद्रव्य आणि प्रकाश वापरून पाहिला. आजच्या स्वरूपातला उपचार मात्र १९७० च्या दशकात अमेरिकेत बफेलो इथे थॉमस डॉहर्टी यांच्या कामातून उभा राहिला.

रिपोर्टमध्ये मिलिमीटर शोधा

पहिलं काम हेच. कॅन्सरचं नाव, स्टेज, ग्रेड हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण प्रकाशाच्या उपचारासाठी गाठ किती खोल आहे हा प्रश्न सगळ्यांच्या आधी येतो. निळा प्रकाश ऊतींमध्ये एक-दोन मिलिमीटर जातो. या उपचारात नेहमी वापरला जाणारा ६३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर हे प्रकाशाचा रंग सांगायचं माप) लाल प्रकाश साधारण ५ मिलिमीटरपर्यंत प्रभावी राहतो, फार तर सेंटिमीटरभर. त्यापुढे ज्या पेशी आहेत त्यांच्यासाठी उपचार झालाच नाही असं समजा.

हा आकडा एमआरआय किंवा सीटीच्या रिपोर्टमध्ये असतो, ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ‘डेप्थ ऑफ इन्व्हेजन’ म्हणून असतो, त्वचेच्या बायोप्सीत ‘थिकनेस’ म्हणून येतो. सापडला नाही तर डॉक्टरांना विचारा. आबांच्या एमआरआयमध्ये गालाच्या आतली गाठ ११ मिलिमीटर खोल लिहिली होती आणि ती खालच्या जबड्याला टेकली होती. मुलाकडे कंपासपेटीतली पट्टी नव्हती म्हणून मी वहीवर पेनाने ११ मिलिमीटरची रेघ काढली, तिच्यावर ५ मिलिमीटरला खूण केली. खुणेच्या पलीकडचा भाग तो बराच वेळ बघत राहिला.

आता गाठ कुठली आहे ते बघा

*त्वचा.* पीडीटीचं हे सगळ्यात हक्काचं क्षेत्र. त्वचेच्या वरच्या थरातच असलेला बोवेन्स डिसीज (त्वचेच्या कॅन्सरची अगदी पहिली अवस्था) आणि पातळ, पसरट बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा हळू वाढणारा कॅन्सर) मलम-प्रकाशाच्या उपचाराला चांगली दाद देतात, आणि व्रण अगदी कमी राहतो. चेहऱ्यावरच्या जागेसाठी ही मोठी गोष्ट आहे. तरीही ‘दाद देतो’ म्हणजे ‘परत येत नाही’ असं नाही. नेदरलँड्समध्ये पसरट बेसल सेल कार्सिनोमावर तीन उपचारांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर गाठ परत न आलेले रुग्ण पीडीटीत सुमारे ६३ टक्के होते, फ्लुरोयुरासिल मलमात ७० टक्के आणि इमिक्विमोड मलमात सुमारे ८० टक्के. गाठीसारखा उंचवटा असलेल्या प्रकारात शस्त्रक्रिया सरसच ठरते: पाच वर्षांच्या एका अभ्यासात पीडीटीनंतर १४ टक्के गाठी परत आल्या, शस्त्रक्रियेनंतर ४ टक्के.

इथे आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट आहे. परदेशी व्हिडिओंत बेसल सेल कार्सिनोमा गुलाबी, चकचकीत दिसतो. आपल्या त्वचेवर तो बहुतेक वेळा काळा किंवा निळसर-काळा असतो, आणि घरचे त्याला तीळ किंवा मस समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. तो काळा रंग म्हणजे मेलॅनिन. मेलॅनिन प्रकाश वरच्यावर गिळून टाकतं, खालच्या पेशींपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून रंगद्रव्य असलेल्या बेसल सेलमध्ये पीडीटीचा परिणाम कमी मिळतो. गोऱ्या त्वचेवरचे आकडे आपल्या फाइलला जसेच्या तसे लावायचे नाहीत, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्या. मेलॅनोमा या काळ्या, आक्रमक कॅन्सरवर तर हा नेहमीचा उपचारच नाही. आणि आत शिरलेला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा आणखी एक कॅन्सरही मलमाच्या पीडीटीने सोडवायचा नसतो.

जाड खपली असेल तर मलम आत जात नाही, म्हणून आधी ती खरवडून काढतात. मलम लावून साधारण तीन तास झाकून ठेवतात आणि मग लाल दिवा. दिवा चालू असताना चांगलीच आग होते. रुग्णाला हे आधी सांगून ठेवा. थंड हवेचा झोत, पाण्याचा फवारा किंवा बधिर करायचं इंजेक्शन, यांपैकी काय देणार तेही विचारून घ्या.

*तोंड.* मुंबईत मला भेटणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त फाइली याच्या असतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी गालात तंबाखूची गोळी धरायची सवय गेलेली नाही. आणि गोळी जिथे धरतात तिथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत, आपल्याकडचा कॅन्सर उगवतो.

तोंडातल्या लहान, उथळ गाठींवर पीडीटीचे निकाल खरोखर चांगले आहेत. टेमोपोर्फिन नावाचं औषध शिरेतून देऊन चार दिवसांनी ६५२ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका युरोपीय अभ्यासात नियमाप्रमाणे उपचार झालेल्या ११४ जणांपैकी ९७ जणांची गाठ पूर्ण गेली, म्हणजे ८५ टक्के. जीभ हलते, चव राहते, बोलणं राहतं. २००१ मध्ये युरोपने या औषधाला मान्यता दिली, पण ती डोके-मानेच्या अशा पुढे गेलेल्या कॅन्सरसाठी, ज्यांच्यावर इतर उपचार संपले आहेत.

पण तोंडाच्या कॅन्सरचा खरा धोका बऱ्याचदा तोंडात नसतो, मानेत असतो. याचा मोठा पुरावा आपल्याच मुंबईतला आहे. परळच्या टाटा मेमोरियलमधला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा कॅन्सर, मानेत हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसीका ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात गाठ दिसली तरच काढायच्या ठरवलं. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हाताला न लागणारे कॅन्सरचे कण अनेकदा मानेत आधीच पोचलेले असतात, आणि गालावर टाकलेला प्रकाश त्यांचं काहीही करू शकत नाही. तोंडाच्या गाठीसाठी कुणी पीडीटी सुचवली, तर ‘मानेचं काय करणार?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

आपल्या रुग्णांना दुसरी एक अडचण असते. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेलं असतं, दोन बोटंही आत जात नाहीत. प्रकाश सगळीकडे सारखा आणि सरळ पडायला तोंड उघडावं लागतं. किती उघडतं ते मोजायला सांगा. आणि हाडाला टेकलेल्या गाठीसाठी या वाटेने जाऊच नका. आबांच्या बाबतीत तेच होतं.

जपानने २०२० मध्ये वेगळ्या जातीच्या औषधाला मान्यता दिली. गाठीवरच्या ईजीएफआर या खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर रंगद्रव्य बसवलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा प्रकाश, खोल गाठीत नळ्या खुपसूनही देतात. हा उपचार ऑपरेशन शक्य नसलेल्या किंवा परत आलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरसाठी आहे. मला या दिशेकडून फार आशा आहे, कारण प्रकाश बाहेरून टाकायची अटच तिथे सुटते.

*अन्ननलिका आणि फुफ्फुस.* अमेरिकेत फोटोफ्रिन या औषधाला १९९५ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती अन्ननलिका गाठीने बंद झालेल्या रुग्णांसाठी. इथे हेतू बरं करण्याचा नसतो. घास, निदान पाणी खाली उतरावं एवढाच असतो. पाणीही न गिळू शकणाऱ्या माणसाच्या घरात बसून बघा, म्हणजे ही गोष्ट किती मोठी आहे ते कळेल. गाठ श्वासनलिकेत किंवा मोठ्या रक्तवाहिनीत शिरली असेल तर मात्र हा उपचार करत नाहीत. गाठ झडली की तिथे भोक पडू शकतं.

फुफ्फुसात तो मोठ्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला असलेल्या, सेंटिमीटरभराहून लहान, वरवरच्या गाठीसाठी आहे आणि तिथे निकाल उत्तम आहेत. एक्स-रेत दिसणारी फुफ्फुसाच्या कडेची गाठ या यादीत बसत नाही. उपचारानंतर दोन दिवसांत मेलेला थर सुटून नळी तुंबू शकते, म्हणून पुन्हा दुर्बीण घालून साफ करावं लागतं. हा दुसरा टप्पा खर्चात धरला आहे का, ते विचारा.

*पित्तनलिका.* इथली कहाणी सावध करणारी आहे. २००३ मध्ये एका जर्मन अभ्यासात फक्त स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) घातलेले रुग्ण साधारण ९८ दिवस आणि स्टेंटबरोबर पीडीटी दिलेले ४९३ दिवस जगले. सगळीकडे उत्साह पसरला. नंतर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली तेव्हा उलटंच दिसलं: पीडीटीच्या गटात आयुष्य कमी भरलं, ६.२ महिने विरुद्ध ९.८ महिने. इंटरनेटवर तुम्हाला ४९३ हा आकडा सापडेल. दुसरी चाचणीही डॉक्टरांसमोर मांडा.

*प्रोस्टेट.* आत सुया घालून ७५३ नॅनोमीटरचा प्रकाश देतात आणि औषध पेशींपेक्षा रक्तवाहिन्यांवर वार करतं. कमी धोक्याच्या कॅन्सरच्या ४१३ पुरुषांवरच्या चाचणीत दोन वर्षांत रोग पुढे सरकला तो २८ टक्क्यांचा, नुसत्या देखरेखीच्या गटात ५८ टक्क्यांचा. युरोपने २०१७ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये विरोधात मत दिलं. कारण समजण्यासारखं आहे: असा कॅन्सर अनेकदा वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही.

*मेंदू.* इथे मोठा फायदा मारण्यात नाही, दाखवण्यात झाला. ऑपरेशनआधी ५-एएलए हे औषध पाजतात. निळ्या प्रकाशात गाठ लालसर गुलाबी चमकते आणि सर्जनला तिची कड दिसते. २००६ च्या चाचणीत स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. मूत्राशयातही याच जातीचं औषध गाठी शोधायला वापरतात. संपूर्ण मूत्राशयावर प्रकाश देण्याचे जुने प्रयत्न मात्र पिशवी आक्रसल्यामुळे मागे पडले.

रक्ताच्या कॅन्सरला आणि शरीरभर पसरलेल्या रोगाला पीडीटी नाही, कारण सगळ्या शरीरात दिवा नेता येत नाही. त्वचेच्या टी-सेल लिम्फोमात (त्वचेत उतरलेला पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) मात्र रुग्णाचं रक्तच बाहेर काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींना औषध आणि अतिनील किरण देऊन परत सोडतात. अमेरिकेत ही पद्धत १९८८ पासून मान्य आहे.

एकाच जातीच्या दोन गाठी वेगळ्या का वागतात

खोली आणि रंग सारखे असूनही फरक पडतो, तो बहुतेक ऑक्सिजनमुळे. भराभर वाढलेल्या गाठीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या पुरत नाहीत, तिथे ऑक्सिजनचा दुष्काळ असतो. औषध आहे, प्रकाश आहे, पण जाळायला काही नाही. त्यातून प्रकाश फार जोरात टाकला तर आहे तो ऑक्सिजनही झटक्यात संपतो. म्हणून तोच डोस हळू किंवा मध्ये थांबून दिला तर जास्त काम होऊ शकतं. काही पेशी औषध बाहेर फेकूनही देतात. गाठीवर रक्त साचलं असेल तर ते प्रकाश अडवतं.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा

वहीत लिहून न्या. गाठीची खोली किती आणि ती कशावरून काढली? हेतू बरं करण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा? माझ्या गाठीसाठी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनपेक्षा हे चांगलं आहे, की ते शक्य नाही म्हणून हे? औषध कोणतं, आणि माझ्या आजारासाठी त्याला मान्यता आहे की हा प्रयोग आहे? प्रयोग असेल तर संमतीपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. ट्युमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या एकत्र बैठकीपुढे, केस ठेवली का, तेही विचारा. पॉर्फिरिया (शरीरात प्रकाशाला हळवी द्रव्यं साठण्याचा, बहुधा आनुवंशिक आजार) घरात कुणाला असेल तर न विचारताही सांगा. अशा रुग्णाला ही औषधं देत नाहीत.

‘लेझर’ या शब्दाने फसू नका. लेझरने कापणं हा वेगळा उपचार. रेडिएशनने तोंड आल्यावर लावतात तो मंद लाल लेझर जखम भरायला असतो, तो कॅन्सर मारत नाही. एका कुटुंबाने त्यालाच पीडीटी समजून पुढच्या तारखा चुकवल्या होत्या. त्यांची घालमेल आठवली की अजून वाईट वाटतं.

उपचारानंतरचा महिना, मुंबईच्या उन्हात

मलमाच्या उपचारात दोनेक दिवस ती जागा झाकली की भागतं. शिरेतून फोटोफ्रिन दिलं असेल तर किमान ३० दिवस, कधीकधी ९० दिवसांपर्यंत, अख्खी त्वचा आणि डोळे उजेडाला हळवे राहतात. टेमोपोर्फिनमध्ये काही आठवडे, प्रोस्टेटच्या औषधात सुमारे दोन दिवस. जर्मन डॉक्टर मायर-बेट्झ यांनी याच कुळातलं औषध स्वतःला टोचून घेतलं होतं. उन्हात गेल्यावर त्यांचा चेहरा सुजून ओळखू येईना. १९१३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

नेहमीचं सनस्क्रीन इथे कामाचं नाही. ते अतिनील किरण अडवतं, त्रास मात्र दिसणाऱ्या उजेडाचा असतो. लांब बाह्या, हातमोजे, मोजे, रुंद काठाची टोपी आणि खूप गडद चष्मा. लोकलमध्ये खिडकीशी बसायचं नाही. काचेतून आलेलं ऊनही भाजतं. धर्मशाळेतून रुग्णालयात जायचं तर सूर्य मावळल्यावरची वेळ मागून घ्या. ढगाळ पावसाळी दिवसालाही फसू नका. दाताच्या डॉक्टरांचा दिवा, ऑपरेशन थिएटरचा दिवा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, या सगळ्यांबद्दल समोरच्याला आधी सांगा.

पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घेऊ नका. घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात औषध हळूहळू निकामी होतं, म्हणून तो उजेड हवाच.

महिना झाल्यावर एकदम उन्हात जायचं नाही. हाताचा छोटासा भाग दहा मिनिटं उन्हात धरा, चेहऱ्यावर हा प्रयोग नको, कारण डोळ्यांभोवतीची त्वचा जास्त नाजूक असते. २४ तासांत लाली, सूज, फोड काही आलं नाही तर थोडं थोडं बाहेर पडा. आलं तर आणखी दोन आठवडे सांभाळा आणि पुन्हा तपासा. मुंबईतून गावी, सोलापूर-लातूरच्या कडक उन्हाकडे परतणार असाल, तर इथे पास झालेली ही परीक्षा तिथे गेल्यावर पुन्हा द्यायची.